गिऱ्हाईक वीस मिनिटं, पोरं दहा तास : दुकानात गाणी कशी लावावीत

नवीन दुकान टाकताना फर्निचर, पाटी, लाइट, बिलिंग मशीन यांचा महिनाभर विचार होतो. गाण्यांची आठवण होते ती उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी. मग घरातला ब्लूटूथ स्पीकर काउंटरवर येतो, आणि ज्याच्या मोबाइलची बॅटरी भरलेली असेल त्याची गाणी सुरू होतात. नागपुरात धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडवर चालत जा किंवा मनीषनगरात फिरा, दोन दुकानांमागे एक असं सापडेल. हा लेख अशा नव्या दुकानदारांसाठी आहे, तसाच पहिल्यांदा फ्लोअर सांभाळायला लागलेल्या मॅनेजरांसाठीही.

गिऱ्हाईक तुमची गाणी फार तर वीस मिनिटं ऐकतं. काउंटरवरची मुलगी, थान उलगडणारा सेल्समन आणि गल्ल्यावर बसलेला माणूस तीच गाणी दहा तास ऐकतात. माल विकायचं काम याच माणसांचं. त्यामुळे गाणी निवडताना आधी त्यांच्या कानांचा विचार करा, मग गिऱ्हाइकाच्या आवडीचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : गिऱ्हाईक थांबायला हवं की पटकन निघायला हवं?

या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी अभ्यासकाचा. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. एका सुपरमार्केटमध्ये काही दिवस संथ लयीचं वाद्यसंगीत लावलं, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके किंवा त्याहून कमी. काही दिवस जलद लावलं, ९४ ठोके किंवा त्याहून जास्त. आणि काही दिवस काहीच नाही. संथ संगीताच्या दिवसांत लोक रांगांमधून हळू चालले, आणि जलद संगीताच्या दिवसांपेक्षा विक्री सरासरी ३८ टक्क्यांनी जास्त झाली. चार वर्षांनी त्यांनीच एका रेस्टॉरंटमध्ये तसंच करून पाहिलं. संथ संगीतात लोक टेबलावर सरासरी ५६ मिनिटं बसले, जलद संगीतात ४५. जेवणाचं बिल जवळपास तेवढंच राहिलं. वाढला तो बारवरचा खर्च.

हा ३८ टक्क्यांचा आकडा सांगून साउंड सिस्टिम विकणारे तुम्हाला भेटतीलच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तो ढकलगाडी घेऊन फिरणाऱ्या गिऱ्हाइकांचा आकडा आहे. इतवारीत गादीवर बसून साड्या बघणाऱ्या काकूंना मुळात चालायचंच नसतं. त्यांची चाल संथ कशी करणार?

तरी तत्त्व कामाचं आहे. थांबलेलं गिऱ्हाईक जास्त बघतं, आणि जास्त बघितलं की जास्त घेण्याची शक्यता वाढते. पण हे जिथे बघण्यासारखं भरपूर आहे आणि जागा मोकळी आहे तिथेच. रेडिमेड कपडे, पुस्तकं, फर्निचर, चष्मे, भेटवस्तू ही थांबवणारी दुकानं. तिथे संथ लय चालेल. फरसाण, मिठाई, संध्याकाळची चाट यांत गिऱ्हाईक रेंगाळलं तर मागचा माणूस रांग बघून निघून जातो, म्हणून तिथे गर्दीच्या वेळी लय थोडी चढती ठेवा. सराफाकडे भाव कुजबुजत ठरतो. तिथे गाणं असलंच तर ऐकू येतंय की नाही अशा आवाजात. मेडिकल स्टोअरमध्ये गाणी नकोतच, असं माझं स्पष्ट मत आहे. एकसारख्या नावांच्या दोन गोळ्यांत घोटाळा व्हायला गाण्याची एक ओळ पुरते.

लय मोजायला कुठलंही ॲप लागत नाही. गाण्यावर पायाने ठेका धरा, पंधरा सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा.

पायरी २ : आधी बिनगाण्याचं दुकान ऐका

एक पूर्ण दिवस काहीही न लावता बसा. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सातनंतर दुकानात काय काय आवाज आहेत ते लिहून काढा. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या दुकानाचा स्पीकर, फ्रीजची घरघर, इन्व्हर्टर, शटर. मोबाइलमध्ये डेसिबल मोजणारं एखादं फुकट ॲप टाका. ते शंभर टक्के अचूक नसतं, पण दुकानाचा कोणता कोपरा जास्त गोंगाटाचा आहे हे त्यावरून कळतं.

नागपुरात या यादीत सगळ्यात वर येतो कूलर. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत, पारा ४५ च्या आसपास असताना, खिडकीतल्या मोठ्या कूलरखाली गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला जातो. गाण्याच्या वर बोलायला सेल्समन आवाज वाढवतो. त्याचं ऐकून गिऱ्हाईकही मोठ्याने बोलतं, म्हणून कोणीतरी गाणं आणखी वाढवतं. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलायला लागतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवलं होतं. संध्याकाळपर्यंत पोरांचा घसा बसलेला असतो आणि मालकाला वाटतं, उन्हाचा त्रास आहे.

एसी नसलेल्या दुकानात मे महिन्यात भर दुपारी गाणी बंद ठेवा, हा माझा साधा सल्ला. कूलरचा आवाज गाण्याने झाकला जात नाही, त्यात भर पडते.

पायरी ३ : काउंटरमागच्यांशी बोला

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळं इथेच बिघडतं.

आधी साधा हिशेब करा. चाळीस गाण्यांची यादी, एक गाणं साडेचार मिनिटांचं. यादी तीन तासांत संपते. दहा तासांच्या दिवसात प्रत्येक गाणं तीनदा, कधी चौथ्यांदाही वाजतं. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर एकच गाणं ऐंशीच्या वर वेळा. जगातलं कितीही गोड गाणं ऐंशीव्या वेळी गोड राहत नाही. ‘भाऊ, हे गाणं आज तिसऱ्यांदा वाजून राहिलं न’ असं एखादा पोऱ्या हसत हसत म्हणतो, तेव्हा ती तक्रार आहे हे ओळखा. बहुतेक जण तेवढंही बोलत नाहीत. मालकाच्या आवडीच्या गाण्यावर कोण बोलणार?

म्हणून यादी किमान दीडशे-दोनशे गाण्यांची हवी, आणि रोज त्याच क्रमाने वाजायला नको. दर पंधरा दिवसांनी त्यातली वीस-पंचवीस बदला. प्रत्येक कर्मचाऱ्याला महिन्याला दोन-तीन गाणी कारण न सांगता यादीतून काढायचा हक्क द्या. ‘घालायचा’ हक्क दिला तर भांडणं होतात. ‘काढायचा’ दिला तर होत नाहीत. कुणाच्या मोबाइलवरून गाणी वाजणार हेही ठरवून टाका. कर्मचाऱ्याचा खाजगी मोबाइल वापरूच नका. त्याला घरून फोन आला की सगळ्या दुकानाला रिंगटोन ऐकू येते, आणि त्याचा डेटा संपतो तो वेगळाच. एक जुना हँडसेट फक्त या कामासाठी ठेवा, सिमशिवाय.

मग शांततेच्या वेळा. अमेरिकेत १९३४ साली सुरू झालेली म्युझॅक नावाची कंपनी पुढे कारखान्यांना, कार्यालयांना आणि दुकानांना तारेवरून संगीत पुरवत असे. कामाच्या जागांसाठी तिने पुढे जी पद्धत बसवली त्यात पंधरा मिनिटं संगीत आणि नंतर पंधरा मिनिटं शांतता असायची. बीबीसीने दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० पासून, कारखान्यातल्या कामगारांसाठी रेडिओवर संगीत सुरू केलं तेही दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. संगीताने कामाला हुरूप आणायचा हाच ज्यांचा धंदा होता, त्यांनीही ते दिवसभर सलग लावलं नव्हतं. तुम्हीही तासाला दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा. जेवणाच्या वेळी तर पूर्ण बंद. मागच्या खोलीत डबा खाताना तरी तेच गाणं कानावर नको.

गल्ल्यावरच्या माणसाची गोष्ट निराळी आहे. शब्द असलेलं गाणं वाचणं आणि आकडे लक्षात ठेवणं या कामांच्या आड येतं, कारण कानावर पडणारे शब्द डोक्यातल्या शब्द-आकड्यांना धक्का देतात. कपड्यांची घडी घालताना गाणं सोबत करतं. चाळीस नोटा मोजताना किंवा जीएसटीचं बिल तपासताना तेच अडथळा होतं. त्यामुळे स्पीकर कॅश काउंटरच्या डोक्यावर कधीही लावू नका. रात्री दुकान वाढवताना, हिशेब सुरू झाला की गाणी बंद.

आणि एक गोष्ट, जी मालक पुरुष असला की सहसा सुटते. द्व्यर्थी ओळींची गाणी यादीतून काढा. ती ओळ वाजली की काउंटरवरच्या मुलीला समोरच्या गिऱ्हाइकाचं हसू झेलावं लागतं. ती तुम्हाला सांगणार नाही. सरळ काढून टाका.

पायरी ४ : गाणी निवडा

दिवसाची सुरुवात बहुतेक दुकानांत ठरलेली असते. शटर वर, झाडू, गल्ल्याला उदबत्ती आणि एखादी आरती किंवा भजन. राहू द्या. बोहनीपर्यंतचा तो अर्धा तास दुकानाचा स्वतःचा असतो. त्यानंतर मात्र बदला. नागपूरच्या बाजारात गिऱ्हाईक सगळ्या धर्मांचं, सगळ्या वस्त्यांतलं येतं. दिवसभर एकाच देवाची गाणी वाजत राहिली की काहींना आपण पाहुणे आहोत असं वाटतं.

भाषेवरून डोकं खाऊ नका. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गिऱ्हाईक मराठीत विचारतं, हिंदीत भाव करतं आणि जाताना परत मराठीत ‘येतो बरं’ म्हणतं. मराठी-हिंदी मिसळून ठेवा. दुपारच्या मंद वेळात वाद्यसंगीत सगळ्यात बरं. बासरी, सतार, संतूर. कर्मचाऱ्यांच्याही डोक्याला विश्रांती मिळते.

ओळखीचं गाणं लावावं की अनोळखी? रिचर्ड यॅल्च आणि एरिक स्पँगेनबर्ग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गंमत दिसली. ओळखीचं संगीत असताना लोकांना वाटलं आपण खूप वेळ खरेदी केली. प्रत्यक्षात जास्त वेळ ते अनोळखी संगीतात रमले होते. म्हणजे ‘सगळ्यांना पाठ असलेली हिट गाणी’ हा जो नव्या दुकानदाराचा हमखास बेत असतो, तो थांबवणाऱ्या दुकानासाठी उलटाही पडू शकतो. थोडी ओळखीची, जास्त कमी ऐकलेली, असं प्रमाण ठेवून बघा.

मालाशी नातं असलेलं संगीत मात्र काम करतं. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटमध्ये एड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनच्या कपाटाजवळ काही दिवस फ्रेंच आणि काही दिवस जर्मन संगीत लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त गेली. जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं. गिऱ्हाइकांना विचारलं तर बहुतेकांनी संगीताचा काही संबंध असल्याचं मान्य केलं नाही. त्याआधी, १९९३ साली, चार्ल्स अरेनी आणि डेव्हिड किम यांनी वाइनच्याच दुकानात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावलं, तेव्हा बाटल्यांची संख्या फारशी वाढली नाही, पण लोकांनी महागातल्या बाटल्या उचलल्या. आपल्याकडे याचा अर्थ मी असा लावतो : लग्नसराईत शालू-पैठणीच्या विभागात सनई वाजत असेल तर ती योग्य जागी आहे. तीच सनई जीन्सच्या दुकानात लावली तर पोरं हसतील.

पायरी ५ : स्पीकर आणि आवाज

एक मोठा स्पीकर दाराशी ठेवला तर दाराजवळचा माणूस किटतो आणि मागच्याला काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा छतात चार लहान स्पीकर, कमी आवाजात. दुकान लांबट असेल, जशी महालात आणि गांधीबागेत असतात, तर शंभर व्होल्ट लाइनचा अॅम्प्लिफायर विचारा; त्यावर लांब वायर टाकून बरेच स्पीकर जोडता येतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवता येतो. बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. विकत घेण्याआधी दुकानाची लांबी-रुंदी आणि छताची उंची कागदावर लिहून न्या. ब्लूटूथपेक्षा वायर बरी, मधेच तुटत नाही. बास कमी ठेवा. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला तोच आधी ऐकू जातो.

आवाज किती? दोन कर्मचाऱ्यांना दोन हातांच्या अंतरावर उभं करा आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. ‘काय?’ असं कोणी विचारलं की आवाज जास्त आहे. साधं संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असतं, गाणं त्याच्या खाली हवं. ८५ डेसिबलच्या वर आठ तास रोज काढले तर कानाला कायमची इजा होऊ शकते. दाराशी डीजे लावून ‘सेल’ पुकारणाऱ्या दुकानांत दाराजवळ उभ्या केलेल्या पोराचा विचार कोणी करत नाही. आणि मोठ्या आवाजाने विक्री वाढते हेही दिसत नाही : १९६६ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात मोठ्या आवाजाच्या वेळी लोक दुकानात कमी वेळ थांबले, विक्रीत फरक पडला नाही.

रस्त्याकडे तोंड करून स्पीकर लावायचा विचार असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० वाचून घ्या. लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर वापरता येत नाही. व्यापारी भागात मर्यादा दिवसा ६५ डेसिबल आणि रात्री ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं; जाहीर झालेला असेल तर तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. धंतोली आणि रामदासपेठेत इतकी रुग्णालयं आहेत की तिथे दुकान असेल तर बाहेरचा स्पीकर विसराच.

पायरी ६ : परवाना

मोबाइलवरच्या गाण्याच्या ॲपचे पैसे भरलेत म्हणून ती गाणी दुकानात लावता येतात असं नाही. अशा ॲपचं वर्गणीपत्र साधारणपणे खाजगी ऐकण्यापुरतं असतं. दुकानात गाणं वाजवणं म्हणजे ते लोकांसमोर वाजवणं, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्याला हक्कदाराची परवानगी लागते. लग्नविधीला कायद्यात सूट आहे, दुकानाला नाही.

एका गाण्यात दोन प्रकारचे हक्क असतात. शब्द आणि चाल गीतकार-संगीतकारांची. त्यांच्या वतीने आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था परवाना देते. रेकॉर्डिंग कंपनीचं; त्यासाठी पीपीएल, नोवेक्स अशा संस्था परवाने देतात. यांपैकी नोंदणीकृत नसलेल्या संस्थांना असे परवाने देता येतात का यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यामुळे पैसे भरण्याआधी कोणत्या कंपन्यांची गाणी तुमच्या परवान्यात येतात याची यादी लेखी मागा आणि ताजी स्थिती वकिलाला किंवा व्यापारी संघटनेला विचारा. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

जुनी गाणी फुकट, हाही गैरसमज. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, पण शब्द आणि चालीवरचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं बांधलेलंच असू शकतं. दुकानांसाठीच संगीत पुरवणाऱ्या सेवा आहेत. त्यांचं वार्षिक शुल्क आणि वेगवेगळे परवाने यांची तुलना करून बघा. लहान दुकानाला बरेचदा अशी एक सेवा सोपी पडते.

पायरी ७ : मोजा

‘गाण्यांनी धंदा वाढला’ असं सांगणारे बरेच असतात, मोजणारे कमी. सहा आठवडे घ्या. एक आठवडा संथ, एक आठवडा जलद, एक आठवडा बंद, आणि हाच फेरा पुन्हा. दिवाळीच्या आधीचे दिवस, मारबतीच्या मिरवणुकीचा आठवडा, रामनवमी, दसरा यांच्याजवळ प्रयोग लावू नका; त्या गर्दीत गाण्याचा परिणाम शोधून सापडणार नाही. पगाराचा पहिला आठवडा आणि महिनाअखेर यांची तुलना करायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

रोज चार आकडे लिहा. एकूण बिलं, सरासरी बिलाची रक्कम, दिवसातली बिलांची दुरुस्ती किंवा रद्द झालेली बिलं, आणि रात्री गल्ल्यात कमी-जास्त आलेली रक्कम. पहिले दोन विक्रीचे, पुढचे दोन तुमच्या लोकांच्या थकव्याचे. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कर्मचाऱ्याला एकट्याला विचारा : डोकं दुखलं का, घसा बसला का, कुठला आठवडा बरा गेला. सगळ्यांसमोर विचारलं तर सगळे ‘चांगलं आहे न भाऊ’ म्हणतील.

सरासरी बिल थोडं वाढलं आणि चुकाही वाढल्या, तर दोन्हींचे रुपये करून वजाबाकी करा. फरक काहीच दिसला नाही आणि पोरांनाही बंदचा आठवडा बरा वाटला, तर पुढच्या वर्षीचा परवाना भरू नका. त्या पैशात कूलरचे पॅड बदलून घ्या आणि पंख्याची मोटर बघून घ्या, निम्मी घरघर तिथेच थांबते.